भिजत घातलेली होडी

होडी घ्यायला निघताना मी यादी केली होती. पाना, नवा प्लग, पेट्रोलचा कॅन, ऑइल, नायलॉनचा दोर, जुनी गोधडी, फडकी, भाकरी, ठेचा, प्यायच्या पाण्याच्या बाटल्या. मी आरोग्य उपकेंद्रातली नर्स. लसीकरणाला निघताना डब्यात बर्फ आहे ना, हे दाराबाहेर पडल्यावरही परत एकदा उघडून बघणारी. तरी मांजरा धरणाच्या कोरड्या काठावर, विकणाऱ्याच्या अंगणात उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, की होडीचं इंजिन पाण्यात बुडवल्याशिवाय चालवून बघता येत नाही. बाहेर चालवलं तर तापून जळतं. आणि त्या गावात प्यायच्या पाण्याचा टँकरसुद्धा दिवसाआड येत होता.

होडी हवी होती ती नवऱ्याच्या खांद्यामुळे. आमचं गाव माजलगाव धरणाच्या काठावर, आणि हे मच्छीमार सोसायटीचे सभासद. सोसायटीत तेव्हा होडी कुणाकडे नव्हतीच, सगळ्यांचे चप्पू. चप्पू म्हणजे थर्माकोलचे ठोकळे पोत्यात शिवून, वर फळी बांधून केलेला तराफा. त्यावर मांडी घालून बसायचं आणि हातातल्या फळकुटाने पाणी मागे लोटत जायचं. लग्नाच्या आधीपासून ते हेच करत होते. त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी उजवा हात खांद्याच्या वर जाईना. बीडला नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला आणि स्पष्ट सांगितलं, "जाळं ओढा हळूहळू. वल्हं मात्र बंद. परत मारलं तर हा हात जेवायलाही उचलणार नाही."

माझा धाकटा दीर पुण्याला. एका मोठ्या वसाहतीच्या गेटवर वॉचमनची जागा निघणार होती, ती त्याने शब्द टाकून महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. मला नोकरी सोडता येत नव्हती, धाकटी मुलगी दहावीला होती. म्हणजे हे तिकडे, आम्ही इकडे. ह्यांना विचारलं की एकच उत्तर: "गेटवर बसून काय करू? आलेल्याला सलाम, गेलेल्याला सलाम." मागे एकदा एका लग्नाला पुण्याला गेलो होतो, तेव्हा दुपारीच मांडवातून गायब झाले. सापडले कुठे, तर नदीच्या पुलावर, कठड्याला टेकून खाली बघत. "ह्या पाण्यात मासा न्हाई," एवढंच म्हणाले आणि जेवायला आले.

म्हणून हिशेब साधा होता. इंजिनाची होडी मिळाली तर पाणी, नाही तर पुणे.

मांजरा आटलं आणि तिकडच्या मच्छीमारांनी होड्या विकायला काढल्या, हे सोसायटीच्या टपरीवर कळलं. दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकली. छोटा टेम्पो ठरवला, तेलगाववरून धारूरचा घाट चढून केजकडे. वाटेत जिकडेतिकडे चारा छावण्या, निळ्या ताडपत्र्या, खालच्या सावलीत कडबा चघळणारी जनावरं. हे खिडकीला डोकं टेकून बाहेर बघत. मी मात्र स्वस्थ बसू शकत नव्हते. यादी काढायची, वाचायची, घडी घालायची, परत काढायची.

"ती यादी झिजंल," टेम्पोवाला म्हणाला.

विकणारे मामा ह्यांच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे. होडी घरामागे बाभळीखाली उपडी घातलेली, वर काट्या टाकलेल्या, शेरडं चढू नयेत म्हणून. लाकडी, बुडाला डांबर. इंजिन घरात, धान्याच्या कोठीशेजारी, लुगड्यात गुंडाळून उभं केलेलं. मामांनी लुगडं सोडलं. रंग उडालेला, झाकणाला तारेचा टाका, पण पंख्याची पाती धडधाकट होती. ह्यांनी डाव्या हाताने पंखा फिरवला आणि मला कळलं, ह्यांचं ठरलं. माझं ठरायचं होतं.

"चालवून दाखवा, मामा," मी म्हणाले.

"दाखवतो की. पाणी कुटंय?"

मी यादीची घडी घातली. मामांच्या बायकोने दारातून बघितलं. बारीक, काटक बाई. आम्ही त्यांना मामी म्हणू लागलो होतो. अंगणाच्या कोपऱ्यात एक पिंप होतं. ह्यांची नजर तिकडे गेली, तशी मामी मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"ते टँकरचं हाय. त्यात तेल सोडलं तर पेणार काय, तुमची होडी?"

"मग दुसरं..."

"दुसरं हाय. न्हाणीमागं." मामी पुढे चालू लागल्या. तिथे आणखी एक पिंप होतं. भांड्याचं, धुण्याचं, न्हाणीचं पाणी साठवलेलं, लिंबाची दोन झाडं जगवण्यासाठी. "हे घ्या. पण सांडायचं न्हाई. अन् परत झाडास्नी द्यायचंय, पेट्रोल-बिट्रोल पाडू नका."

इंजिन पिंपावर लावता येईना, काठ वाकला. मग बैलगाडी पुढे ओढली. बैल छावणीत होते. गाडीच्या मागच्या फळीला इंजिन आवळलं, खाली पिंप सरकवलं, इंजिनाचा दांडा आत सोडला. मामांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा. मी नवा प्लग काढून दिला. तिसऱ्यांदा ओढली आणि इंजिन असं काही ओरडलं, की शेजारच्या घरावरची कबुतरं उडाली.

आणि फेस निघाला. साबणाचं पाणी पंख्याने घुसळलं, पिंपातून पांढरा फेस वर आला, काठावरून बाहेर, गाडीच्या चाकांवर, मामांच्या धोतरावर. कोंबड्या पळाल्या. गाडी जागच्या जागी थरथरत होती.

"थांबवा बे! माझं पाणी!" मामी ओरडत होत्या आणि हसतही होत्या. "चार महिन्याचं धुणं आज निघालं म्हणायचं!"

आम्ही सगळे त्या इंजिनाभोवतीच होतो. प्लग, दोरी, धूर, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर येते की नाही, हे सगळं मी तपासून घेतलं. होडीपाशी मात्र कुणीच गेलं नाही. माझ्या यादीत होडीसाठी एकच ओळ होती: "होडी बघणे." बघितली. होती. झालं. चप्पूवर जन्म काढलेल्या माणसांना लाकूड काय माहीत? थर्माकोल वाळत नाही, फुगत नाही, कशाने आजारी पडत नाही. होडी टेम्पोत चढवायला उचलून सुलटी केली तेव्हा मी फळ्यांमधल्या फटींतून पलीकडची बाभूळ बघितली.

"मामा, ही तर चाळणी हाय," मी म्हणाले.

"वाळलीया. सालभर कोरड्यात पडलीया, आणखी काय व्हनार?" मामा शांतपणे म्हणाले. "नेली की पाण्यात बुडवून ठिवा. दगडं टाकून. आठ-धा दिवसांत लाकूड फुगतं, फटी आपसूक मिटत्यात. काथ्या-डांबराला हात लावू नका तवर."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान हलवली. म्हणजे माहीत नव्हतं, पण पटलं. व्यवहार झाला. निघताना मामींनी थांबवलं. त्या पिंपातलं उरलेलं फेसाळ पाणी त्यांनी तांब्या तांब्याने होडीवर ओतलं, पुढून मागे.

"अन् झाडं?" मी विचारलं.

"झाडं ऱ्हात्याल एक दिवस. कोरडी होडी दारातून काढत न्हाईत," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. बाहेर आल्या नाहीत.

होडी टेम्पोच्या मागून निम्मी बाहेर. घाट उतरताना मी मागे वळून वळून दोर बघत होते. मनात दिवस मोजत होते: आठ-धा दिवस भिजवायचे, मग दुरुस्ती, मग चालवून बघणं. महिनाअखेर त्याच्या पुढे होती, पण फार नाही.

आमच्या काठावर पोचलो तर सोसायटीचे निम्मे सभासद हजर. पाण्यापर्यंत होडी न्यायला वाहन जात नव्हतं, काळा गाळ. सोसायटीत जुनी रीत होती, की कुणाचाही चप्पू, कुणाचंही जाळं, काठावरून पाण्यात किंवा पाण्यातून काठावर ओढायचं असेल तर जो हजर असेल त्याने हात लावायचा. विचारावं लागत नाही. नाही लावला तर मात्र विचारतात. तसे सगळे लागले. होडी पाण्यात ढकलली, आणि ह्यांनी डाव्या हाताने एक एक दगड उचलून आत टाकायला सुरुवात केली. फटींतून पाणी आत आलं. होडी हळूहळू खाली बसली. वर फक्त टोक राहिलं.

काठावर हसू फुटलं.

"आरं, आनली कावून मग? बुडवायला?"

"सिस्टर, हिला बी एक इंजेक्शन द्या!"

"इंजिन काठावर अन् होडी तळाला. लई भारी जोडी जमलीया बे."

हे हसले नाहीत, चिडलेही नाहीत. इंजिन खांद्यावर घ्यायला गेले, मग आठवलं आणि दुसऱ्याला उचलायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीला जाताना वाकडी वाट करून मी काठावर गेले. टोक वर होतं ते ठीक. पण टोकाबरोबर निम्मी बाजूही वर आली होती, आणि उन्हात वाळत होती. होडी हलली नव्हती. पाणी मागे सरकलं होतं.

हे मला कळायला हवं होतं. आमच्या बाजूचा काठ तव्यासारखा सपाट. धरणात मृतसाठा उरलेला, वरून ऊन, आणि बाकी गावांच्या पाण्याच्या योजना त्यातूनच ओढणाऱ्या. पाणी खोलीत बोटभर उतरलं, की काठ घरच्या अंगणाएवढा लांब पळायचा. मामांनी सांगितलेले आठ-धा दिवस हे थांबलेल्या पाण्याचे होते. आमचं पाणी चालतं होतं.

मग रोजचाच उद्योग. सकाळी दगड काढायचे, होडी ओढून पुढे खोल पाण्यात न्यायची, दगड परत टाकायचे. हे एका हाताचे. मी साडी खोचून गाळात गुडघाभर. आणि सभासद चप्पू काढायच्या आधी येऊन हात लावायचे, शिव्या देत, हसत, पण लावायचे. रीत होती. मी कधी कुणाला बोलावलं नाही. संध्याकाळी उपकेंद्राचं दार लावलं, की पाय आपोआप धरणाकडे. फळ्यांवरून बोट फिरवायची. कालची फट आणि आजची फट. घरी आले तर मुलगी म्हणायची, "आई, होडीचं वजन-उंची नोंदवतेस का काय रोज?"

दिराचा फोन एक दिवसाआड. "वहिनी, दादाला विचारा ना. माझ्या मागं लागलेत ते लोक. दुसरा माणूस उभाच आहे." मी म्हणायची, "सांगते." रात्री जेवताना सांगायची. हे भाकरी मोडत म्हणायचे, "फुगायलीया. आजून जरा."

एका खोलीत मी त्यांची पुण्याची पिशवी भरून ठेवली होती: दोन पँट, स्वेटर, औषधं, आधार कार्डाची झेरॉक्स. दुसऱ्या कोपऱ्यात इंजिन, गोधडीत. मला दोन्ही तयार लागतात. त्या दोहोंमधून जाता-येता माझी झोप उडाली होती, आणि हे इंजिनाच्या बाजूला चटई टाकून घोरायचे.

फटी मिटल्या. महिनाअखेरीच्या अगदी तोंडाशी, पण मिटल्या. दगड काढले, पाणी उपसलं, होडी वर आली आणि वरच राहिली. दोन जागी झिरपत होती, तिथे काथ्या ठोकला. मी हुश्श म्हणायच्या आत सोसायटीचे चेअरमन काठावर आले. मोठे बागायतदार, साखर कारखान्याच्या राजकारणातही असत. त्या वर्षी कारखाना बंद होता, त्यामुळे त्यांना वेळ होता.

"होडीला ना न्हाई," ते म्हणाले. "इंजिनाला हाय. पाणी आता उरलंय केवढं? डबकं. सगळ्यांची जाळी त्यातच. पंख्यात जाळं गेलं तर कुनाचं गेलं? अन् आवाजानं मासा तळाला जातोय. पाऊस पडू द्या, धरण भरू द्या, मग फिरवा इंजिन."

पाऊस पडेपर्यंत. म्हणजे पुणे. मी बोलायला पुढे झाले तर ह्यांनी माझ्या कोपराला हात लावला, म्हणजे थांब. सभासद खाली बघत होते. चेअरमनांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच अडचण होती. जाळं फाटलं तर त्या दुष्काळात नवं कुणी घ्यायचं?

तेवढ्यात सगळ्यात म्हातारा सभासद, ज्याला सगळे बाबा म्हणत, चप्पूवर बसल्या बसल्याच बोलला. "चेअरमनसाहेब, एक इचारू? आपली जाळी कुटं हायेत?"

"पार तिकडं. भिंतीकडं. खोलात."

"अन् आपन इथं. मदी निसतं उथळ पानी, तितं ना जाळं ना मासा. रोज सकाळी तेवढं पानी फळी मारत जायचं, अन् येताना माशासकट परत मारायचं. माजी छाती भरून येती बघा." त्याने होडीकडे बोट केलं. "इतके दिस हिला आमी वडली. आता हिनं आमाला वडावं. जाळ्यापाशी गेलं की इंजिन बंद. मंग तर झालं?"

कुणीतरी हसलं. "म्हंजी म्हशीमागं रेडकं?"

"तू रेडकू का माशी, तू ठरीव."

पण हसता हसता बोलणं जमत गेलं. इंजिन फक्त मोकळ्या पाण्यात. जाळ्याच्या अलीकडे बंद. पेट्रोल सगळ्यांचं, आणि ओढण्याबद्दल ज्याच्या त्याच्या जाळ्यातला एक मासा ह्यांना. चेअरमनांनी एक दिवस बघू म्हटलं. एकाच दिवसाची परवानगी. त्या दिवशी एखादं जाळं जरी कापलं गेलं, किंवा इंजिन बंद पडलं, तर विषय संपला.

आणि तोच दिवस दिराला उत्तर द्यायचा होता. "दुपारपर्यंत सांगा वहिनी, मग माझ्या हातात काही नाही."

त्या दिवशी माझं लसीकरणाचं सत्र पलीकडच्या काठावरच्या गावात. बदलता येत नव्हतं. सकाळी लवकर मी काठावर होडीपाशी होते. अगदी काठालगत पंखा गाळ उडवायला लागला, म्हणून मी होडीत चढून बांबूने रेटत रेटत ती जरा आत नेली. मागे दोराला दोर बांधून चप्पूंची माळ, प्रत्येकावर एक माणूस मांडी घालून. तिथे इंजिन एकदम सुरू झालं नाही. मी एकाच्या चप्पूवरून परत काठावर आले आणि बस गाठायला धावले. पाठीमागे ते एकदाचं ओरडलं.

समाजमंदिरात सत्र. बायका, लेकरं, रडारड. मी सिरिंज भरत होते आणि कान धरणाकडे. पाण्यावरून आवाज येत होता, बारीक, पण येत होता. इंजेक्शन, कापूस, पुढचं. आवाज आहे. कार्डावर सही, पुढचं. आवाज आहे. मग थांबला.

मी सुई हातात धरून थांबले. समोरची बाई म्हणाली, "टोचा की बाई, लेकरू दमलंय." टोचली. आवाज नाही. दोन लेकरं झाली, चार झाली, आवाज नाही. मी दारात जाऊन बघून आले. तिथून पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऊन दिसत होतं. इंजिन बंद पडलं, किंवा पंख्यात जाळं. मधोमध अडकलेत आणि हे दोरी ओढतायत त्या उजव्या हाताने. माझ्या डोक्यात तिसरं काही आलंच नाही.

मोबाइल वाजला. दीर.

"वहिनी, काय ठरलं?"

बाहेर चिमण्या. आत एक लेकरू हुंदके देत होतं. धरणाकडून काहीच नाही. मला पुण्याची पिशवी दिसत होती, भरलेली. आणि पुलाच्या कठड्याला टेकलेले हे.

"नाही येत ते," मी म्हणाले. "दुसरा माणूस घेऊ द्या त्यांना."

"दादा म्हणाला का तसं?"

"मी म्हणते. होडी चालली नाही तर दुसरं काहीतरी बघू. इथंच."

फोन ठेवला. उरलेली लेकरं संपवली, डबा बंद केला, बर्फ बघितला नाही. बसची वाट न बघता एकाच्या मोटारसायकलवर बसून काठ गाठला.

दुपार टळत आली होती. पाण्यावर काही दिसेना. मग इंजिनाचा आवाज सुरू झाला, लांबून, भिंतीकडून. हळूहळू होडीचं टोक, आणि मागे चप्पूंची वाकडीतिकडी माळ, सगळे माणसांसकट, माशांसकट. बाबा शेवटच्या चप्पूवर आडवा पडून आकाशाकडे बघत होता, पाय पाण्यात सोडून.

"बंद का पडलं होतं?" मी काठावरूनच ओरडले.

"काय?"

"इंजिन! सकाळी बंद का पडलं?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. "बंद न्हाई पडलं. बंद केलं. जाळ्यापाशी पोचलो तवा. ठरलंच हुतं की तसं."

मागचे सगळे हसले. बाबा उठून बसला आणि म्हणाला, "सिस्टर, मासं धरताना बी आवाज पायजे हुता का तुमाला?"

मी गाळात उतरले. कुणी सांगायच्या आत होडीला हात लावला. दुसऱ्या बाजूने आणखी हात लागले. ह्यांच्या पायाशी रोहू, चिलापी, एक मोठी मरळ, अजून हलणारी. होडीच्या तळाला पाणी साठलं होतं, घोटाभर. मी वाकून बघितलं, कुठून येतंय ते. डाव्या बाजूची तिसरी फळी. उद्या तिथे काथ्या.

"दिराला 'नाही' म्हणून कळवलं," मी म्हणाले.

"बरं," हे म्हणाले, आणि डाव्या हाताने मरळ उचलून माझ्या लसीच्या डब्यावर ठेवली.